माशांची रात्र

बहुतेक माशांना पापण्या नसतात. त्यामुळे झोपलेला मासा आणि जागा मासा यांतला फरक पटकन कळत नाही. झोपलेला मासा तळाशी किंवा पाणवनस्पतींच्या आडोशाला जवळजवळ स्थिर राहतो, कल्ल्यांची हालचाल मंदावते, डोळे मात्र उघडेच. आपण भर दुपारी डोळे मिटून स्वतःपुरती रात्र करून घेऊ शकतो. माशाला ती सोय नाही. त्याला अंधार हवा असेल तर तो बाहेर, पाण्यातच पडावा लागतो.

मी भंडारा जिल्ह्यातली, धीवर घरातली. तलावांचा जिल्हा म्हणतात आमच्या जिल्ह्याला. मासे धरायचे कसे, विकायचे कसे, साफ कसे करायचे, हे घरात चालता-बोलता शिकायला मिळालं. पण मासे झोपतात का, आणि त्यांची झोप मोडली तर ते आजारी पडतात का, हे आमच्याकडे कधी कोणी विचारलं नव्हतं. तो प्रश्न मला पडला पुण्यात, पहाटे तीनच्या सुमारास.

मी रात्रपाळीत काम करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं विमा कंपनीकडे जाण्याआधी त्यांवरचे आजारांचे कोड तपासायचे, हे माझं काम. जगातल्या जवळपास प्रत्येक दुखण्याला एक कोड आहे. कासव चावलं तर त्याचा कोड आहे, मासा चावला तर वेगळा आहे. प्रकार घरातल्या स्वयंपाकघरात घडला की पोहण्याच्या तलावावर, यालाही कोड आहेत. कुणाला, काय, कुठे, कशामुळे, सगळं नोंदवता येतं. 'किती वाजता' याला मात्र त्या यादीत फारशी जागा नाही. जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक आमच्या टीमचा लाडका आहे: जी ४७.२६, पाळीच्या कामामुळे बिघडलेली झोप. तो कोड स्क्रीनवर आला की हमखास कोणीतरी हसतं, कारण तो तपासणाऱ्या सगळ्यांनाच तो लागू असतो.

आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनला माशांची एक मोठी टाकी आहे. ऑफिस चोवीस तास चालू, म्हणून दिवे चोवीस तास चालू, म्हणून टाकीतही चोवीस तास दिवस. मागच्या पावसाळ्यात तिथल्या गोल्डफिशच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. टाकी साफ करायला येणाऱ्या मुलाने पाण्यात औषध घातलं, आणि निघताना रिसेप्शनवरच्या मॅडमना म्हणाला, "रात्री टाकीची लाइट बंद ठेवत जा. यांनापण रात्र पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, "अरे, इथे रात्र होतेच कधी?"

त्या दिवशीच्या ब्रेकमध्ये मी मोबाइलवर शोधायला लागले. पुढचे कित्येक ब्रेक त्यातच गेले.

*

शरीरात घड्याळ असतं ही कल्पना जुनी आहे. १७२९ मध्ये झां-जाक द मेराँ नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचं झाड सूर्यप्रकाशापासून दूर अंधारात ठेवलं. ऊन दिसत नसतानाही पानं दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे झाड सूर्य बघून वेळ ठरवत नव्हतं, वेळ त्याच्या आतच होती.

हे 'आत' म्हणजे नेमकं कुठे, हे कळायला पुढे अडीचशे वर्षं गेली. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सिमूर बेंझर यांनी फळमाश्यांमध्ये असा एक जनुक शोधला की तो बिघडला तर माशीचा दिवसच लहान-मोठा होतो, किंवा दिवस-रात्रीचं वेळापत्रकच नाहीसं होतं. त्या जनुकाचं काम कसं चालतं ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. थोडक्यात असं: पेशी एक प्रथिन बनवते, ते साठत जातं, पुरेसं साठलं की आपल्याच जनुकाचं बटण बंद करतं, मग हळूहळू मोडून पडतं, आणि बटण पुन्हा चालू होतं. या फेरीला साधारण २४ तास लागतात. सकाळचा उजेड हे घड्याळ रोज थोडं मागे-पुढे करून बाहेरच्या सूर्याशी जुळवून घेतो.

माणसासारख्या सस्तन प्राण्यांत डोळ्यांत आलेला उजेड मेंदूतल्या एका इवल्याशा केंद्राला वेळ सांगतो आणि ते केंद्र बाकी शरीराला सांगतं. माशांचं प्रकरण वेगळं निघालं. झेब्राफिश नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा चिमुकला मासा आहे. मूळचा आपल्याच भागातला, ओढ्या-नाल्यांत आणि भाताच्या बांध्यांत राहणारा, आता जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलेला. २००० साली असं दिसलं की त्याचं हृदय किंवा मूत्रपिंड शरीरातून काढून काचेच्या बशीत जिवंत ठेवलं, तरी त्या अवयवाला थेट उजेड कळतो आणि त्यातलं घड्याळ त्या उजेडावर लागतं. डोळे नकोत, मेंदू नको.

हे वाचून मला त्या टाकीकडे नीट बघवेना. माझ्यावर ट्यूबलाइट पडते तेव्हा ती डोळ्यांवर पडते. त्या गोल्डफिशवर पडते तेव्हा कदाचित साऱ्या अंगाला कळते.

उजेडाची ही सवय माशांना किती खोल लागलेली आहे ते सोमालियातल्या एका गुहेतल्या माशावरून समजतं. लाखो वर्षं पाताळातल्या पाण्यात राहून तो आंधळा झाला, आणि त्याच्या घड्याळाचा उजेडाशी संबंध तुटला. घड्याळ गेलं नाही, पण त्याची एक फेरी आता जवळपास ४७ तासांची झाली आहे, आणि ते जुळतं ते फक्त खाण्याच्या वेळेशी. सूर्य काढून घेतला की दिवस असा ताणला जातो. पण त्यासाठी त्याला लाखो वर्षं मिळाली. आमच्या टाकीला एक एक्स्टेंशन बोर्ड मिळाला.

*

आता आजाराकडे येऊ.

आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक भिंत येते. कुणाची जाड, कुणाची पातळ. खरं तर ती पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांसारखी आहे. रक्तातल्या संरक्षक पेशींची संख्या दिवसभरात वर-खाली होते. जंतू ओळखणारी, सूज आणणारी, जखम भरणारी प्रथिनं आपापल्या वेळेला कामावर येतात आणि जातात. कारण साधं आहे. पहारा महाग असतो. त्याला ऊर्जा लागते, आणि सतत हातात काठी घेऊन उभा असलेला पहारेकरी घरातल्यांनाही मारू शकतो. त्यामुळे धोका जेव्हा जास्त, तेव्हा पहारा कडक, आणि एरवी डागडुजी, अशी वाटणी शरीराने करून ठेवली आहे.

१९६० मध्ये फ्रान्झ हालबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांना जिवाणूंच्या विषाचा सारखाच डोस दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दिला होता. एका वेळी टोचलेले बहुतेक मेले, दुसऱ्या वेळी टोचलेले बहुतेक वाचले. 'सर्केडियन' हा शब्द याच हालबर्गने घडवला. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांना हर्पिस जातीच्या विषाणूची लागण केली. उंदीर निशाचर, त्यामुळे सकाळ ही त्यांची झोपायची वेळ. त्या वेळी लागण झालेल्या उंदरांत विषाणू दहा पट वाढला, त्यांच्या जागं व्हायच्या वेळेच्या आसपास लागण झालेल्यांच्या तुलनेत. आणि ज्या उंदरांचं घड्याळच बिघडवलेलं होतं, त्यांच्यात विषाणू कुठल्याही वेळी जोरात वाढत होता.

माशांबद्दलचं काम त्या मानाने नवं आहे. २०२१ मध्ये अ‍ॅमी एलिसन आणि वेल्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशाच्या त्वचेचा चोवीस तासांचा हिशेब मांडला. मासा हातातून निसटतो तो ज्या बुळबुळीत थरामुळे, तो थर म्हणजे त्याची पहिली तटबंदी. त्यात जंतूंना मारणारी द्रव्यं असतात आणि निरुपद्रवी जिवाणूंची एक वस्तीही असते. या संशोधकांना दिसलं की त्वचेतले प्रतिकाराचे जनुक रोज ठरावीक वेळेला चढतात-उतरतात, आणि त्यासोबत ती जिवाणूंची वस्तीही दिवसभरात बदलते. माशांना कायम उजेडात ठेवलं किंवा त्यांच्यावर उवा सोडल्या की हे वेळापत्रक हलतं. घड्याळ असं विस्कटणं माशाच्या तब्येतीला मारक आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा नुसता प्रयोगशाळेतला मामला नाही. सॅल्मन-ट्राउटच्या मोठ्या मत्स्यशेतीत पिंजऱ्यांवर रात्रभर दिवे लावणं ही नेहमीची पद्धत आहे. उजेडामुळे मासा खातो जास्त, वाढतो लवकर, आणि अंडी धरायला उशीर करतो. वजनाचा फायदा लगेच काट्यावर दिसतो. त्वचेतली गडबड काट्यावर दिसत नाही.

आणि त्या प्रयोगातली ऊ आमच्या ओळखीची आहे. तिच्या जातभाई आमच्या रोहू-कतल्याच्या अंगावर मिळतात. चपटी, पारदर्शक, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. ती चिकटली की मासा अंग घासत सुटतो, खवले निघतात, मग त्या जखमेत दुसरे रोग शिरतात. ही ऊ अंडी घालते ती पाण्यातल्या कडक वस्तूंवर. म्हणून मत्स्यपालक तळ्यात बांबू रोवून ठेवतात आणि अंडी चिकटली की बांबू काढून उन्हात वाळवतात. उवेला कुठे गाठायचं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. माशाची त्वचा कुठल्या प्रहरी गाफील असते, हा प्रश्न नवा आहे.

*

घड्याळ एकट्या यजमानाकडे असतं तर गोष्ट सोपी होती. पाहुण्याकडेही असतं.

गोल्डफिशवरच्या पांढऱ्या ठिपक्यांसारखाच एक रोग समुद्रातल्या माशांना होतो, वेगळ्या परजीवीमुळे. हा परजीवी माशाच्या कातडीत पोसतो, मग सुटून तळाशी जातो, कवच करून बसतो आणि आत शेकडो पिल्लांत विभागतो. नव्वदच्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं की ही पिल्लं कवचातून बाहेर पडतात ती मुख्यतः रात्री दोन ते सकाळी नऊ या वेळेत. त्यांना अंधारात ठेवलं तरी वेळ तीच. पिल्लांकडे जगायला तास थोडे असतात, तेवढ्यात मासा सापडला पाहिजे. आणि त्या प्रहरी मासे तळाजवळ निवांत असतात.

हे वाचताना मला घरची आठवण झाली, कारण असा वेळ पाळणारा एक परजीवी आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे. माझ्या लहानपणी आरोग्य खात्याची माणसं रक्त घ्यायला यायची ती रात्री, जेवणं झाल्यावर, बॅटरी घेऊन. आम्ही पोरं झोपेतून उठायचो ते बोटाला सुई टोचल्यावरच. रात्रीच का, हे विचारलं तर उत्तर मिळायचं, "जंतू रातीलेच निंगतेत." ते शब्दशः खरं आहे. हत्तीरोगाच्या कृमीची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि मध्यरात्रीच्या आसपास हातापायांच्या रक्तात उतरतात, कारण त्यांना पुढे नेणारा डास रात्री चावतो. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये काम करताना चोवीस तास रक्ताचे थेंब तपासून हे शोधलं होतं.

पुढे फ्रँक हॉकिंग नावाच्या ब्रिटिश परजीवीशास्त्रज्ञाने माकडांच्या आणि पक्ष्यांच्या परजीवींमध्ये हीच वेळेची शिस्त शोधली. हिवतापाचे परजीवी रक्तपेशी एकाच वेळी का फोडतात, तर डासाच्या चावण्याच्या वेळेला पुढच्या प्रवासाला लागणारे टप्पे तयार असावेत म्हणून, असा त्याचा कयास होता. (हो, स्टीफन हॉकिंगचे वडील. घरात दोघांचाही विषय काळच होता.) हिवतापाच्या परजीवीला स्वतःचं घड्याळ असतं याचे पुरावे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. तिथे रक्तकृमी नावाचा परजीवी गोगलगायीतून पाण्यात उतरतो आणि पाण्यात शिरलेल्याच्या कातडीतून आत जातो. जिथे तो माणसांवर जगतो तिथे त्याची पिल्लं सकाळी अकराच्या सुमाराला बाहेर पडतात, कारण माणसं दिवसा पाण्यावर येतात. त्याच बेटावर जिथे तो उंदरांवर जगतो तिथे तीच जात दुपारी चारनंतर बाहेर पडते, कारण उंदीर संध्याकाळी निघतात. जात एक, बेट एक, वेळा दोन.

आमच्या आबाजींना यातलं काहीच नवं वाटलं नसतं. जाळं कधी टाकायचं आणि कधी उपसायचं हेच त्यांचं निम्मं ज्ञान होतं. रोहू कधी वर येतो, मांगूर आणि शिंगी अंधार पडल्यावर कशी हिंडतात, वाम रात्री बिळातून कधी निघते. प्रत्येक माशाची वेळ त्यांना तोंडपाठ होती. परजीवींचंही पोट याच ज्ञानावर चालतं.

*

मग उजेड वाढला की होतं काय?

बर्लिनच्या संशोधकांनी पर्च नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशांवर रात्री वेगवेगळ्या तीव्रतेचा उजेड सोडून पाहिला. शरीराला 'रात्र झाली' असा निरोप देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक १ लक्स उजेडातच घटलं. पुढच्या प्रयोगात त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या उजेडातही घट दिसली. पौर्णिमेचं चांदणं १ लक्सपेक्षा बरंच कमी असतं आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली त्याच्या कित्येक पट जास्त. ताणाचं संप्रेरक मात्र त्या माशांत वाढलं नाही. म्हणजे मासा तडफडत नाही, वर येऊन तक्रार करत नाही. त्याला फक्त रात्र झाल्याचं कळत नाही.

चिमण्यांचं उदाहरण जास्त थेट आहे. अमेरिकेत वेस्ट नाइल नावाचा विषाणू डास आणि पक्षी यांच्यात फिरतो आणि अधूनमधून माणसांत येतो. आपलीच घरचिमणी, जी तिकडे एकोणिसाव्या शतकात नेऊन सोडली गेली, ती त्याचं एक मोठं घर आहे. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये काही चिमण्यांना रात्री मंद उजेडात ठेवलं आणि मग लागण केली. अंधारात झोपलेल्या चिमण्यांपेक्षा या चिमण्या दोन दिवस जास्त काळ डासांना विषाणू देण्याच्या अवस्थेत राहिल्या. त्या जास्त मेल्याही नाहीत. नुसत्या जास्त काळ संसर्ग देत राहिल्या. संशोधकांच्या गणितानुसार यामुळे साथ पसरण्याची शक्यता ४१ टक्क्यांनी वाढते. आजारी पडलेल्या एखाद्या माणसाच्या बिलावर त्या विषाणूचा कोड माझ्या स्क्रीनवर येईल. रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा येणार नाही.

वटवाघळांची गोष्ट उजेडाची नाही, पण वेळेचीच आहे. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत थंडीत निजलेल्या वटवाघळांच्या नाकांवर पांढरी बुरशी दिसली. या बुरशीला थंडी मानवते. वटवाघूळ हिवाळ्यात अंगाची उष्णता उतरवून, चरबीवर दिवस काढत, महिनोन्महिने निजतं, तेव्हा प्रतिकारशक्तीही निजलेली असते. बुरशी नेमकी त्या काळात वाढते. तिच्या त्रासाने वटवाघूळ वारंवार जागं होतं, दर जाग येताना चरबी जळते, आणि वसंत यायच्या आत ती संपते. उत्तर अमेरिकेत अशी लाखो वटवाघळं मेली. त्यांना मारणारी गोष्ट म्हणजे अवेळी येणारी जाग.

आपल्याकडच्या वटवाघळांनी घड्याळाबद्दल एक सुंदर गोष्ट शिकवली आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मदुराईच्या एम. के. चंद्रशेखरन आणि जी. मारीमुत्तू यांनी जवळच्या एका काळोख्या गुहेत एक वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवलं. बाहेरचा उजेड त्याला दिसत नव्हता. पण गुहेतले बाकीचे रोज संध्याकाळी उडून जायचे आणि पहाटे परतायचे, त्यांच्या ये-जा करण्यावर त्याचं घड्याळ बरोबर लागत राहिलं. रिकाम्या गुहेत ठेवलेल्या वटवाघळाचं घड्याळ मात्र बाहेरच्या दिवसाशी फारकत घेऊन स्वतःच्या चालीने चालायला लागलं.

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटी रात्रपाळीवाली आहे. बाकी तिघी सकाळी निघतात तेव्हा मी झोपते. ही गोष्ट वाचल्यावर मी त्यांच्या कुकरच्या शिट्ट्यांवर चिडणं कमी केलं. रात्रपाळी आणि कर्करोग यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्येच 'बहुधा आहे' या यादीत टाकला आहे. मला तसं मोठं काही झालेलं नाही. पाळी बदलली की तोंड येतं आणि सर्दी आठवडाभर हलत नाही. डॉक्टर विचारतात, बाहेरचं खाल्लं का, पावसात भिजलात का. कधी झोपता, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

*

हे सगळं वाचन माझ्यापुरतं राहिलं असतं, पण दिवाळीत गावी गेले तेव्हा तलावाच्या पाळीवर नवा खांब उभा होता. हायमास्ट. महाराष्ट्रात हल्ली गाव तिथे एक हायमास्ट असतो. निधी आला की आधी तो लागतो. हा तलाव मालगुजारीच्या काळातला, आमच्या मच्छीमार संस्थेने ठेक्यावर घेतलेला. खांबावर सहा पांढरेशुभ्र एलईडी, आणि त्यातले तीन सरळ पाण्यावर रोखलेले. रात्री अकराला पाण्याचा तळ दिसत होता. किड्यांचा ढग दिव्याभोवती, खाली त्यांच्यासाठी वर आलेले बारके मासे, आणि त्यांच्यासाठी काठावर उभा एक रातबगळा.

बाबा संस्थेचे सचिव आहेत. मी त्यांना ट्राउट, पर्च, चिमण्या, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. आई मध्येच म्हणाली, "मासोरीले अंधार पायजे, अन् आमाले?"

तिचं चूक नव्हतं. पाळीवरून वाट जाते. बायका पहाटे त्याच वाटेने जातात, शिकवणीवरून मुली त्याच वाटेने येतात. धानाचा भाग आहे, मण्यार आहे, आणि मण्यारचंही घड्याळ रात्रीचं आहे. शेजारच्या टोलीतला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी झोपेत चावून गेला. उजेड नको म्हणणारा अर्ज पहिल्यांदा आईच फाडेल हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आणि या दिव्याने आमचे मासे आजारी पडले असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. दिवा लागून जेमतेम चार महिने झालेत. पण मासे आजारी पडल्यावर अर्ज करण्यात काय अर्थ?

मग आम्ही तिघं रात्री पाळीवर चालत गेलो आणि नुसतं बघितलं की उजेड कुठे पडतो आणि कुठे लागतो. वाट सहा फुटांची. तलाव काही एकरांचा. सगळ्यांत जास्त उजेड पडत होता तिथे कोणीच चालत नव्हतं. उलट वाटेचं वळण, जिथे झुडपं आहेत आणि जिथे साप निघतो, ते खांबाच्या सावलीत होतं. आईने बोट दाखवून सांगितलं, "इथं पायजे लाइट."

अर्ज मी लिहिला. पहिला खर्डा दोन पानांचा झाला, त्यात वेल्स होतं, बर्लिन होतं, फ्लोरिडा होतं. बाबांनी वाचून परत दिला. "सरपंचाले नोबेल नोको सांगू," म्हणाले. दुसरा खर्डा अर्ध्या पानाचा आहे. पाण्याकडचे तीन दिवे फिरवून वाटेकडे करावेत. वळणावर कमी उंचीचे दोन खांब, वरून झाकलेले, पिवळ्या उजेडाचे, लावावेत. पांढऱ्या उजेडातला निळा भाग घड्याळाला सगळ्यांत जास्त हलवतो, म्हणून पिवळा. पण अर्जात एवढंच लिहिलं की पिवळ्याला किडे कमी येतात, कारण तेही खरंच आहे. शेवटची ओळ बाबांनी सांगितली ती तशीच ठेवली: तलावात रात्री अंधार राहावा, ही संस्थेची विनंती.

खाली संस्थेच्या सभासदांच्या सह्या आहेत, आणि त्यांच्यानंतर आईसकट नऊ बायकांच्या. त्या सभासद नाहीत, पण त्या वाटेने त्याच चालतात.

ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. मी त्या आठवड्याची रजा टाकली आहे. अमेरिकेत तेव्हा सुट्टी नसते, त्यामुळे ती अजून मंजूर झालेली नाही.